सासू नावाचं हत्यार

सकाळी साडेसातला शेडच्या पायरीवर बसलेली वहिनी मी चार वर्षं रोज पाहिली. मांडीवर लोखंडी पेटी, पायात नवऱ्याचे बूट, नजर रस्त्याच्या वळणाकडे. शेड तिच्या सासऱ्याची. तिच्या नवऱ्याने त्या शेडमध्ये हाडं झिजवली होती. तरीही आत जायला तिला दिराची वाट पाहावी लागे, कारण किल्ली दिराच्या कमरेला होती. तो आठला येई, साडेआठला येई, कधी मुद्दाम नऊ वाजवी. कुलूप काढताना तिच्याकडे न बघता म्हणे, "बसा की वहिनी, कोण मागे लागलंय तुमच्या?"

मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि माझी गॅलरी नेमकी त्या अंगणावर येते. आयुष्याची अडतीस वर्षं नाटक कंपनीत गेली. कंपनी बुडाली तेव्हा माझ्या वाट्याला एक ट्रंक, खोट्या केसांचे दोन टोप आणि दर्शनी पडद्याची सुती दोरी आली. बाकीच्यांनी भांडून खुर्च्या नेल्या. मला दोरीच हवी होती. ती सुटली की समोर हजार माणसं दिसायची. असो. सांगायचं एवढंच, की आता मला समोर दिसतं ते हे अंगण, आणि मी त्याचा एकही प्रयोग चुकवत नाही.

वहिनीला गोड बोलता येत नसे, हे आधीच सांगते. कोणी गाडी आणून "जरा लवकर बघा" म्हटलं, तर ती म्हणे, "लवकर बिघडवलीत, आता सावकाश दुरुस्त होऊ द्या." लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याला डबा द्यायला शेडमध्ये जायची. मग सुटे भाग रॉकेलने धुवायला लागली, आणि धुताधुता कुठला भाग कुठे बसतो ते तिच्या बोटांना कळलं. नवरा पाच दिवसांच्या तापात गेला. महिनाभराने ती त्याची पेटी उचलून शेडमध्ये आली आणि मागच्या बाकावर कामाला लागली. सासरा काही बोलला नाही. त्याचं न बोलणं तिने होकार धरलं. दिराने तो अपमान धरला. त्या दिवसापासून शेडमध्ये दोघं एकमेकांशी बोलत ते फक्त टोचायला.

दिराला सगळे धाकटा म्हणत. चाळिशी उलटली तरी धाकटाच, आणि ते त्याला सलत असावं. हात वाईट नव्हता त्याचा. पण मोठ्या भावाच्या सावलीत वाढलेलं झाड, सावली गेली तर तिथे वहिनी उभी.

आता त्या हत्याराबद्दल. इंजिनाच्या डोक्यात व्हॉल्व्ह असतात, छत्रीसारखे. लांब दांडी वर आणि चपटं तोंड खाली. प्रत्येकाच्या दांडीवर एक जाड स्प्रिंग बसवलेली असते. स्प्रिंगवर टोपी, आणि टोपी जागेवर धरायला नखाएवढी दोन लॉकं. स्प्रिंग तुटली की इंजिन खोकायला लागतं. ती बदलायची तर सगळे इंजिनाचं हेड, म्हणजे ते डोकंच, उघडतात. त्यात दीड दिवस जातो आणि जुन्या गाडीचे गंजलेले बोल्ट तुटले तर आठवडा. वहिनीने हेड न उघडता स्प्रिंग बदलायचं हत्यार स्वतः केलं. मोडक्या पलंगाची लोखंडी पट्टी घेतली. सायकलच्या सांगाड्यातून नळीचा बोटभर तुकडा कापला, त्याला दोन बाजूंनी कानशीने खिडक्या पाडल्या आणि तो पट्टीच्या मध्यावर लोंबता बसवला. पट्टीचं एक टोक इंजिनावरच्या बोल्टाखाली अडकवायचं, दुसरं हाताने दाबायचं. नळी टोपीवर बसते, स्प्रिंग खाली जाते, आणि खिडकीतून चिमट्याने लॉकं काढता येतात. मुठीला तिने सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं होतं.

"नाव काय ठेवलंस याचं?" मी वरून विचारलं होतं.

"सासू," ती म्हणाली. "दाबून धरते आणि खिडकीतून बघते. माझी खरी होती ती बिचारी गरीब. म्हणून ही घरी करून घेतली."

म्हातारा सासरा शेडच्या तोंडाशी आरामखुर्चीत होता. हसला नाही, पण त्याने पेपर वर धरला तो बराच वेळ उलटा होता.

पण नुसत्या सासूने भागत नाही, आणि ही गोष्ट त्या अंगणात फक्त आम्हा दोघींना ठाऊक होती. लॉकं निघाली की व्हॉल्व्हला वर धरून ठेवणारं काही उरत नाही. तो सुळकन खाली इंजिनाच्या पोटात जातो. मग हेड उघडल्याशिवाय सुटका नाही. यावर उपाय शोधत वहिनी एकदा माझ्याकडे आली होती. तिला बारीक, मऊ, सूत न सुटणारी दोरी हवी होती. मी ट्रंक उघडली. पडद्याच्या दोरीतले सहा हात कापून देताना मी दोनदा कात्री खाली ठेवली, खोटं कशाला बोलू. तिने मला खाली नेऊन दाखवलं. प्लग काढायचा, त्याच्या भोकातून दोरी वेटोळं वेटोळं आत सोडायची, शेवटचं टोक मात्र बाहेर ठेवायचं. मग इंजिन हाताने फिरवायचं. पिस्टन वर येतो, दोरीची गादी होते आणि ती व्हॉल्व्हला खालून घट्ट टेकू देते. आता लॉकं काढा, स्प्रिंग काढा, व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. काम झालं की पिस्टन खाली न्यायचा आणि टोक धरून दोरी बाहेर ओढायची.

हे धाकट्याला चार वर्षांत दिसलं कसं नाही? तर त्याच्या उशिरा येण्यामुळे. गाड्या अंगणात उभ्या असत. तो वहिनीला ताटकळत ठेवी, त्या वेळात ती बाहेरच प्लग काढून दोरी आत सोडून मोकळी होई. बाहेर राहिलेल्या टोकावर ती चिंधी खोचून ठेवी, धूळ जाऊ नये म्हणून. तो येईपर्यंत इंजिनावर दिसे ती फक्त सासू, आणि प्लगच्या भोकात चिंधी. दोरी ओढून काढायची ती तो जेवायला गेल्यावर. दोरी एरवी कपडे वाळत घालायच्या दोरीच्याच खुंटीला गुंडाळून टांगलेली असे. काळी, तेलकट. सगळ्यांना ती कपड्यांच्या दोरीचं उरलेलं शेपूट वाटे. जाऊ, म्हणजे धाकट्याची बायको, वळणापलीकडच्या घरातून कपडे वाळवायला याच अंगणात येई, आणि तिला त्या दोरीचा भारी राग. उशांच्या अभ्र्यांना डाग पडतात म्हणून ती एक दिवस ओरडली आणि तिने दोरी उचलून अंगणातल्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. वहिनी तेव्हा कुठेतरी सुटा भाग आणायला गेली होती. मी खाली उतरले, दोरी पिंपातून काढली आणि वर घेऊन आले. पडद्याची दोरी आहे, कचऱ्यात कशी जाऊ देईन.

नेमकं त्याच संध्याकाळी वहिनीने सासूच्या मुठीवर नवीन रबर चिकटवलं आणि सुकायला म्हणून हत्यार बाकावर ठेवून घरी गेली. पेटी ती रोज बरोबर नेई. हत्यार मागे राहिलं ते पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ती आली, तर शेड उघडी. चार वर्षांत पहिल्यांदा धाकटा तिच्या आधी हजर होता. अंगणात दूधवाल्याची जुनी गाडी उभी. दूधवाला हाताची घडी घालून. एक स्प्रिंग तुटली होती. दुपारी चारला त्याला गावोगावचं दूध उचलायचं होतं. या इंजिनाचं हेड उघडायला दुसऱ्या एका गॅरेजने आधीच नकार दिला होता, बोल्ट इतके गंजलेले. म्हणून तो सासूच्या भरवशावर आला होता. आणि सासू धाकट्याच्या हातात होती.

वहिनीने पेटी खाली ठेवली. "माझं हत्यार द्या, भाऊजी."

"शेडमधली वस्तू शेडची," धाकटा म्हणाला. "पलंग या घरचा, सायकल माझ्या भावाची. तुमचं त्यात काय?"

"मेहनत."

"मेहनत तर गाढवही करतं."

दूधवाल्याने नजर दुसरीकडे वळवली. मी गॅलरीच्या कठड्याला रेलून उभी. नाटकात असं वाक्य आलं की पिटातल्या प्रेक्षकांकडून शिव्या येत. इथे पिटात मी एकटीच.

म्हाताऱ्याने काठी आपटली. दोघांच्या रोजच्या धुसफुशीला तो विटला होता. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं काहीसं बोलून त्याने निकाल ठरवून टाकला. ही गाडी धाकट्याने करायची. हेड न उघडता चारच्या आत चालू झाली, तर शेड त्याची, वहिनीने आजच पेटी उचलून जायचं आणि परत यायचं नाही. नाही झाली, तर किल्ली वहिनीची.

"बाबा, एक सांगायचं होतं," वहिनी म्हणाली.

"तू मध्ये बोलायचं नाहीस. त्याने मदत मागितली, असं मला नंतर ऐकायचं नाही."

वहिनी दोरीचंच सांगणार होती की आणखी काही, हे मी तिला पुढे कधी विचारलं नाही. ती पायरीवर जाऊन बसली, रोजच्या जागी, मांडीवर पेटी. जाऊ कपडे वाळत घालायला आली आणि मुद्दाम तिथेच रेंगाळली. चादर झटकताना तिने पाण्याचे शिंतोडे वहिनीच्या अंगावर उडवले. वहिनीने तोंड पुसलं, बस्स.

धाकट्याने काम मन लावून केलं, हे कबूल करायला हवं. वरचं झाकण काढलं, मधला सगळा पसारा सोडवून ओळीने कापडावर मांडला, प्लग काढला. आणि मग एक स्वच्छ चिंधी घेऊन त्याने ती प्लगच्या भोकात नीट खोचली. वहिनी करायची तशीच. मी पाहिलं, वहिनीनेही पाहिलं. तिने मान वर केली, खुंटीकडे नजर टाकली, खुंटी रिकामी, आणि मग तिची नजर सरळ माझ्याकडे आली. मी पदराआडून दोरीचं वेटोळं जरासं दाखवलं. ती पुन्हा खाली बघायला लागली.

धाकट्याने सासू अडकवली आणि दाबली. स्प्रिंग खाली गेली तसा व्हॉल्व्हही तिच्याबरोबर खाली जायला लागला. लॉकं सुटेनात. त्याने दोनदा दाबून पाहिलं, कपाळाचा घाम पुसला, आणि टोपीवर हातोडीचा एक टोला दिला. लॉकं उडाली. एक त्याच्या कापडावर पडलं, एक बाहीत. आणि पाठोपाठ इंजिनाच्या आतून आवाज आला. टक्.

लहानसाच आवाज. माझ्या कानाला मात्र तो ओळखीचा. पडद्यामागे कोणाच्या तरी हातून काही पडतं आणि सगळी कंपनी श्वास रोखते, तसला.

धाकट्याने खाली वाकून पाहिलं. दांडीचं टोक दिसेनासं झालं होतं. "हे हत्यारच भिकार आहे," तो म्हणाला आणि सासू जमिनीवर आदळली. "बायकांनी केलेली हत्यारं."

दूधवाला पुढे झाला. काय झालं, चारपर्यंत होणार का, हेड उघडावं लागणार का, असे त्याचे प्रश्न सुरू झाले. धाकटा इंजिनाच्या पुढच्या बाजूला गेला आणि पंख्याचा पट्टा धरून इंजिन हाताने फिरवायला वाकला. पिस्टन हलला तर काही होईल, असं त्याला वाटलं असावं.

"हात लावू नका."

वहिनी पायरीवरून उठली होती. आवाज मोठा नव्हता, पण धाकट्याचा हात पट्ट्यावरच थांबला.

"दांडी अजून बोटभर हेडमधल्या तिच्या नळीत अडकलेली असेल," ती म्हणाली. "चुकीच्या बाजूने फिरवलंत, पिस्टन खाली गेला, की सगळंच आत पडलं. मग उघडा हेड आणि तोडा बोल्ट."

"तुम्हाला मध्ये बोलायचं नाही असं सांगितलंय."

"मी तुमच्याशी बोलतच नाहीये. गाडीवाल्याशी बोलतेय. अहो, गाडी तुमची आहे. कोणाचा हात लागू द्यायचा ते तुम्ही सांगा."

दूधवाल्याने एकदा धाकट्याकडे, एकदा म्हाताऱ्याकडे आणि शेवटी स्वतःच्या रिकाम्या कॅनांकडे पाहिलं. "बाईंना करू द्या," तो म्हणाला.

धाकटा बाजूला झाला, पण शेडमध्ये गेला नाही. तो तिच्या डाव्या खांद्यामागे उभा राहिला, अगदी जवळ. काही चुकलं तर पहिलं आपल्यालाच दिसावं म्हणून. तिने चिंधी उपसून त्याच्या पायाशी टाकली. पेटीतून सायकलच्या चाकाची एक तार काढली आणि प्लगच्या भोकातून आत सोडली, पिस्टनला टेकेपर्यंत. एका हाताने तार सैल धरली, दुसऱ्या हाताने पट्टा केसभर फिरवला. तार केसभर खाली गेली. म्हणजे ही बाजू चुकीची. धाकटा याच बाजूने फिरवणार होता, हे त्याला तिथेच कळलं आणि मला वरून त्याच्या मानेवर दिसलं. ती उलट फिरवू लागली. पिस्टन वर येऊ लागला आणि माथ्यावर पडलेल्या व्हॉल्व्हला उचलू लागला. मग दांडीचं टोक नळीतून हळूच बाहेर डोकावलं.

तिचे दोन्ही हात गुंतलेले. तिने मान न वळवता म्हटलं, "चिमटा."

कोणी हललं नाही. जावेच्या हातात कपड्यांना लावायचे लाकडी चिमटे होते. ती नवऱ्याकडे बघत उभी. शेवटी दूधवाल्यानेच तिच्या हातून एक ओढून घेतला आणि वहिनीच्या बोटांत दिला. तिने तो दांडीच्या टोकाला लावला. व्हॉल्व्ह आता वरून लटकला, खाली पडणार नाही एवढा.

मग तिने वर पाहिलं. मी कधी कोणाच्या इशाऱ्याची इतकी वाट पाहिली नव्हती. दोरी सोडली. वेटोळं सुटत सुटत खाली गेलं आणि तिच्या खांद्यावर पडलं.

तिने पिस्टन अर्ध्यावर उतरवला आणि दोरी आत सोडायला सुरुवात केली. एक हात, दोन हात, पाच हात. धाकट्याच्या तोंडाकडे मी मुद्दाम पाहत होते. आधी त्याला काही कळलं नाही. मग त्याने पायाशी पडलेल्या चिंधीकडे पाहिलं. मग खुंटीकडे. मग बायकोकडे, जिने ते शेपूट पिंपात टाकलं होतं. राग कोणावर काढावा हेच त्याला ठरवता येईना.

दोरीची गादी बसली. वहिनीने चिमटा काढून खिशात टाकला, जमिनीवरची सासू उचलली, पुसली आणि नवी स्प्रिंग बसवली. लॉकं जागेवर गेली तेव्हा अडीच वाजले होते. पावणेचारला गाडी चालू झाली, न खोकता. दूधवाला कॅन बांधून निघून गेला.

म्हाताऱ्याने धाकट्यापुढे हात पसरला. धाकट्याने कमरेची किल्ली सोडवली, पण बापाच्या हातात दिली नाही. सासू ठेवली होती त्या बाकावर फेकली. किल्ली घरंगळत जाऊन बाकाखाली पडली. वहिनीला वाकून घ्यावी लागली.

"दोरीचं मला आधी का नाही सांगितलंस?" म्हाताऱ्याने तिला विचारलं.

"सकाळी सांगत होते, बाबा. मध्ये बोलायचं नाही म्हणालात."

त्यावर तो काही बोलला नाही. पण या वेळच्या न बोलण्याचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला. जाऊ मात्र बोलली. एक चिमटा कमी आहे, असं तिने संध्याकाळपर्यंत तीन वेळा सगळ्या अंगणाला ऐकवलं. वहिनीने तो परत केला नाही. अजूनही तो तिच्या पेटीत आहे.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसातला शेड उघडी असते. धाकटा त्याच्या वेळेला येतो, आठ, साडेआठ. ती त्याला ताटकळत ठेवत नाही. पण "या" असंही म्हणत नाही. दोघांचे बाक समोरासमोर आहेत आणि मधून कोणी गेलं तर त्याला थंडी वाजावी, अशी हवा आहे तिथे. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर काही तरी सुटेल दोघांत. नाटकात सुटतं. तिसऱ्या अंकात सुटावंच लागतं, लोकांना घरी जायचं असतं.

महिनाभराने एका दुपारी माझ्या दारावर थाप पडली. धाकटा. चपला बाहेर काढून आला, उंबऱ्याच्या आत मात्र आला नाही. घरात कपडे वाळत घालायला दोरी हवी होती म्हणाला. जुनी सुती असेल तर बरी. सहा हात पुरे.

सहा हात. माझ्या तोंडावर काही आलं नाही, एवढा अभिनय अजून जमतो. बघते म्हटलं, संध्याकाळी या.

मी लगेच खाली उतरले. वहिनी कानशीने काहीतरी घासत होती. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तू नको म्हणालीस तर नाही देणार. माझी दोरी आहे, माझ्या मर्जीची. तिने कानस थांबवली नाही. मला वाटलं ऐकलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला लागले.

"ऐकलं, मावशी," ती म्हणाली. "द्या. आणि शेवटचं टोक बाहेर ठेवायचं असतं, हे त्याला नीट सांगा. नाहीतर आत अडकवून ठेवेल मेला."

"तूच का नाही सांगत?"

"मी त्याच्याशी बोलत नाही." तिने हातातला तुकडा उजेडात धरून पाहिला आणि परत घासायला घेतला. "पण इंजिनाने माझं काय घोडं मारलंय?"

संध्याकाळी मी ट्रंकेतून उरलेली दोरी काढली. मोजली, सहा हातांना अर्धा हात कमी भरली. तशीच दिली, आणि टोकाचं सांगितलं. धाकटा म्हणाला, कपड्यांच्या दोरीला कसलं आलंय टोक. मग दोरी शर्टात खुपसून जिना उतरला, आणि शेडच्या दारावरून न जाता मागच्या बाजूने वळसा घालून गेला.